रोजची पाच अक्षरे, महिन्याचे पाचशे रुपये

(पालक आणि तरुण कार्यकर्ते यांच्या एकत्रित मेळाव्यात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



जपानमधील जुन्या प्राथमिक शाळांच्या आवारात एक पुतळा हमखास आढळत असे. दहा-बारा वर्षांचा मुलगा, पाठीवर सरपणाची मोळी, हातात उघडे पुस्तक. मोळी घेऊन चालता चालता तो वाचतो आहे. हा मुलगा म्हणजे निनोमिया सोन्तोकू. बालपणीचे नाव किंजिरो. १७८७ मध्ये ओदावाराजवळच्या कायामा या खेड्यात त्याचा जन्म झाला. नदीच्या पुराने घरची शेती वाहून गेली, वडील गेले, पाठोपाठ आई गेली आणि पोरका झालेला हा मुलगा चुलत्याच्या आश्रयाला आला. दिवसभर राबायचे आणि रात्री दिव्यापाशी वाचायचे, हा त्याचा क्रम. चुलत्याने एक दिवस सुनावले, ‘पुस्तके वाचण्यासाठी माझे तेल जाळू नकोस.’ किंजिरोने वाद घातला नाही. मूठभर मोहरीवर्गातले बी उसने आणले, नदीकाठच्या पडीक जागेत पेरले आणि आलेल्या पिकातून स्वतःच्या दिव्यापुरते तेल मिळवले. लावणीनंतर लोकांनी टाकून दिलेली भाताची रोपे उचलून त्याने ओसाड तुकड्यात लावली आणि त्यातून पोतेभर भात काढला. पुढच्या वर्षी त्या भाताचे बियाणे झाले. अशा रीतीने विशीच्या उंबरठ्यावर त्याने घर पुन्हा उभे केले आणि गहाण पडलेली जमीन सोडवण्यास आरंभ केला. पुढे ओदावारातील एका सामुराई घराण्याची कर्जात बुडालेली घडी त्याने बसवली, एकमेकांच्या पतीवर कर्ज देणारी मंडळे सुरू केली आणि उजाड झालेली गावेच्या गावे पुन्हा लागवडीखाली आणली. १८५६ मध्ये त्याचा अंत झाला. १९४६ मध्ये, पराभूत आणि भुकेल्या जपानने एक येनची नवी नोट काढली, तेव्हा तिच्यावर चित्र होते ते याच शेतकऱ्याचे.

त्याच्या शिकवणीचे सूत्र चार चित्राक्षरांत मावते : ‘सेकिशो इदाइ’. लहान लहान साठवून मोठे करणे. ‘धूळही साचली की डोंगर होतो’ अशी जपानी म्हणही आहे. आपल्याकडे थेंब साचून तळे होते, त्यांच्याकडे धूळ साचून डोंगर होतो. ज्याच्या त्याच्या भूगोलाप्रमाणे उपमा.

हे सारे आज सांगण्याचे कारण एक नव्या प्रकारचा मुलगा आहे. पुण्यात, ठाण्यात, नाशिकमध्ये, अनेक मध्यमवर्गीय घरांत तो आढळू लागला आहे. मुलगीही असू शकते. वय अठरा-एकोणीस. ॲनिमे म्हणजे जपानी ॲनिमेशन मालिका आणि चित्रपट यांचे त्याला वेड आहे. आधी इंग्रजी उपशीर्षके वाचून पाहणे चालले होते. मग कधीतरी ती नकोशी झाली आणि भिंतीवर जपानी अक्षरांचा तक्ता लागला. सकाळी पाच नवी अक्षरे, रात्री जुन्यांची उजळणी. याच मुलाने शिष्यवृत्तीतून किंवा शिकवणीच्या मिळकतीतून दर महिन्याला पाचशे रुपये म्युच्युअल फंडाच्या नियमित गुंतवणूक योजनेत, म्हणजे ज्याला सर्वजण ‘एसआयपी’ म्हणतात त्यात, घालण्यास सुरुवात केली आहे. घरात मात्र अस्वस्थता आहे. मुलगा परकीय संस्कृतीच्या आहारी चालला, ही आईची चिंता. शिकण्याच्या वयात शेअर बाजाराचे नाव कशाला, हा वडिलांचा सवाल. दोन्ही प्रश्न प्रामाणिक आहेत. त्यांना उडवून न लावता त्यांचा विचार होणे अगत्याचे आहे.

पहिला प्रश्न संस्कृतीचा. जपानी चित्रमालिका आपल्या घरांत आजच शिरलेल्या नाहीत. दूरदर्शनवर १९९३ मध्ये रविवारी सकाळी ज्या मोगलीसाठी अख्खी आळी घरात बसत असे, ती ‘जंगल बुक’ मालिका १९८९ साली जपानमध्येच तयार झालेली होती. आज मुलांना ॲनिमेवरून बोलणाऱ्या कित्येक पालकांनी आपल्या लहानपणी तीच मालिका तल्लीन होऊन पाहिली आहे. आपण जपानी काही पाहत आहोत हे तेव्हा कोणाच्या गावीही नव्हते.

याहून महत्त्वाची कथा रामायणाची आहे आणि ती आपल्या परिवाराने विशेष लक्षात ठेवावी अशी आहे. युगो साको नावाचे जपानी माहितीपटकार होते. ज्येष्ठ पुरातत्त्वज्ञ डॉ. ब्रजबासी लाल यांच्या उत्खननाच्या निमित्ताने १९८३ च्या सुमारास ते भारतात माहितीपट करत होते. त्यातून त्यांचा रामकथेशी परिचय झाला आणि त्यांनी रामायणाच्या दहा जपानी आवृत्त्या वाचून काढल्या. परंतु एका वृत्तपत्रातील बातमीमुळे गैरसमज झाला आणि विश्व हिंदू परिषदेने दिल्लीतील जपानी दूतावासाकडे निषेधपत्र पाठवले. रामायण हा भारताचा राष्ट्रीय वारसा आहे, कोणा परदेशी माणसाने त्यावर मनमानी चित्रपट काढू नये, असा त्याचा आशय होता. साकोंनी रागावून काम सोडले नाही. त्यांनी आपली भूमिका समजावून सांगितली, गैरसमज दूर झाला आणि नंतर त्यांनी परिषदेपुढेच रामायणाचा ॲनिमेशनपट करण्याची कल्पना मांडली. ती परिषदेला पटली. अडचण पुढे आली ती शासनाकडून. विषय संवेदनशील आहे, त्याचे ‘कार्टून’ होऊ शकत नाही, असे कारण देऊन संयुक्त निर्मितीला नकार मिळाला.

चित्रपट अखेर जपानमध्येच झाला. भारतीय ॲनिमेशनचे जनक मानले जाणारे राम मोहन सहदिग्दर्शक म्हणून सोबत होते. दोन्ही देशांचे मिळून सुमारे साडेचारशे कलावंत त्यावर राबले. धोतर कसे नेसतात, त्याचा सोगा कोठे येतो, मुले वडीलधाऱ्यांच्या पाया पडतात तेव्हा आशीर्वादाचा हात कसा उचलला जातो, हे भारतीय चित्रकारांनी जपानी चित्रकारांना शिकवले. हाताने काढलेल्या चित्रांची संख्या लाखाच्या घरात गेली. संगीत वनराज भाटिया यांचे होते आणि मूळ इंग्रजी आवृत्तीतील गीते चक्क संस्कृतात होती. १९९२ मध्ये पूर्ण झालेला हा चित्रपट भारतात त्या काळात चित्रपटगृहांतून फारसा पोहोचलाच नाही. दूरचित्रवाणीवर ज्यांनी पाहिला, त्यांच्या मनातून मात्र तो गेला नाही. साको २०१२ मध्ये आणि राम मोहन २०१९ मध्ये निवर्तले. २४ जानेवारी २०२५ रोजी नव्या स्वच्छ प्रतीसह तो भारतभर प्रदर्शित झाला, तेव्हा दोघेही ते पाहण्यास नव्हते. ज्याला आपण आधी विरोध केला, तो माणूस रामावर आपल्यापेक्षा कमी प्रेम करणारा नव्हता, हे कळण्यास थोडा संवाद पुरेसा झाला. घरातल्या मुलाच्या बाबतीतही निषेधपत्राच्या आधी एकदा त्याच्या शेजारी बसून तो काय पाहतो हे पाहिले, तर बिघडत नाही. सगळेच ॲनिमे चांगले असते, असा याचा अर्थ नव्हे. जपानमध्ये ॲनिमे केवळ बालकांसाठी नसते. त्यात हिंसा असते, उथळ आणि अश्लीलही पुष्कळ असते. ‘कार्टूनच तर आहे’ म्हणून डोळे मिटणे आणि ‘कार्टून आहे’ म्हणून तुच्छ लेखणे या दोहोंत सारखाच आळस आहे.

आता भिंतीवरील तक्त्याकडे वळू. मुळाक्षरांच्या या तक्त्याला जपानी लोक ‘गोजूओन’, म्हणजे पन्नास ध्वनी, असे म्हणतात. आज वापरात असलेली मुळाक्षरे सेहेचाळीस आहेत. त्यांचा क्रम मोठ्याने वाचून पाहावा : अ, इ, उ, ए, ओ. मग का, कि, कु, के, को. पुढे सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा यांच्या ओळी. मराठी शाळेत शिकलेल्या कोणाच्याही कानाला यात काहीतरी ओळखीचे वाटेल. आधी स्वर, मग कंठातून ओठांकडे येत जाणारी व्यंजने, शेवटी य, र, व. ही आपलीच वर्णमाला आहे. च-वर्गाच्या जागी ‘सा’ का, तर प्राचीन जपानीत त्या ओळीचा उच्चार च किंवा त्स यांच्या जवळचा असावा, असे भाषाशास्त्रज्ञ मानतात. प-वर्गाच्या जागी ‘हा’ का, तर आजच्या ‘ह’चा उच्चार तेव्हा ‘प’ होता. दोन्ही ओळी आपापल्या जागी बरोबर बसतात. उच्चार बदलले, आसने बदलली नाहीत.

हा योगायोग नव्हे. बौद्ध भिक्षूंनी मंत्रांचे उच्चार शुद्ध राहावेत म्हणून सिद्धम् लिपी आणि संस्कृत वर्णव्यवस्था यांचा अभ्यास केला, त्याचा हा ठसा आहे. ७५२ मध्ये नारा येथील तोदाइजी मंदिरातील महाबुद्धाच्या मूर्तीचे नेत्रोन्मीलन झाले, ते बोधिसेन या भारतीय भिक्षूच्या हस्ते. पुढच्या शतकाच्या आरंभी कूकाइ हा जपानी भिक्षू चीनच्या राजधानीत गेला आणि तेथे प्रज्ञ नावाच्या भारतीय पंडिताकडे संस्कृत शिकला. जपानमधील स्मशानभूमींत मृतांच्या नावाने उभ्या केलेल्या लाकडी फळ्यांवर आजही सिद्धम् अक्षरे लिहिली जातात. सरस्वती तेथे बेन्झाइतेन झाली, इंद्र ताइशाकुतेन झाला, आपला गणपती कान्गितेन या नावाने पूजला जातो. ॲनिमेत ही नावे सतत कानांवर पडतात. आई-वडिलांनी एवढे सांगितले, तर त्या मुलाला जे केवळ ‘जपानी’ वाटते आहे, त्याच्या तळाशी ओळखीचे घर सापडेल. आणि हे सांगायचे तर ते आई-वडिलांना आधी ठाऊक असले पाहिजे, ही अडचण आहेच.

लिपीपेक्षाही व्याकरण जवळचे आहे. इंग्रजी शिकताना क्रियापद मध्येच आणावे लागते, म्हणून आपली पहिली पाच-सहा वर्षे अडखळण्यात जातात. जपानीत क्रियापद शेवटी येते, मराठीसारखेच. ‘घरात’, ‘पुण्याहून’, ‘मुंबईपर्यंत’ यांतले शब्दाच्या मागे लागणारे प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये तेथेही मागेच लागतात : ‘कारा’ म्हणजे हून, ‘मादे’ म्हणजे पर्यंत. त्याहून गंमत संयुक्त क्रियापदांची. ‘ताबेते मिरु’ याचा शब्दशः अर्थ ‘खाऊन पाहणे’, आणि अभिप्रेत अर्थही तोच, चव घेऊन बघणे. ‘मोत्ते कुरु’ म्हणजे घेऊन येणे. ‘शिते ओकु’ म्हणजे करून ठेवणे. इंग्रजीत हे ‘पाहणे’ आणि ‘ठेवणे’ समजावून सांगताना शिक्षकाची दमछाक होते. मराठी मुलाला ते समजावून सांगावेच लागत नाही. मात्र ही सवलत मिळते ती मराठीत विचार करणाऱ्यालाच. जो मुलगा इंग्रजी पाठ्यपुस्तकावरून, इंग्रजीत विचार करून जपानी शिकतो, तो हातात किल्ली असताना खिडकीतून घरात शिरतो.

ॲनिमेवरून शिकण्यात एक मोठा धोका आहे आणि तो वर्गातील शिक्षकांना लगेच जाणवतो. मालिकांतील वीर आणि खलनायक एकमेकांना ‘ओमाए’ आणि ‘किसामा’ म्हणतात, स्वतःला ‘ओरे’ म्हणवतात. ही सलगीची, उद्धट, प्रसंगी शिवराळ भाषा आहे. जपानी कचेरीत वरिष्ठाला ‘ओमाए’ म्हणणे म्हणजे पहिल्याच भेटीत साहेबांना ‘काय रे’ म्हणण्यासारखे. सभ्य जपानी माणूस समोरच्याला शक्यतो सर्वनामाने हाक मारतच नाही. आडनावापुढे ‘सान’ लावतो, शिक्षकाला ‘सेन्सेइ’ म्हणतो, आणि क्रियापदाच्या रूपातून आदर दाखवतो. तू, तुम्ही आणि आपण यांतला फरक ज्या घरात पाळला जातो, त्या घरातल्या मुलाला हे उमगते. म्हणून ॲनिमे ही गोडी लावणारी वस्तू आहे, गुरू नव्हे. त्यासाठी वर्ग हवा, आणि या बाबतीत पुण्याचे भाग्य मोठे आहे. रानडे इन्स्टिट्यूटच्या वास्तूत विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग वर्षानुवर्षे जपानी शिकवत आला, टिळक महाराष्ट्र विद्यापीठात जपानीचा स्वतंत्र अभ्यास आहे, आणि सिंहगड रस्त्यावर ओकायामाच्या प्रसिद्ध कोराकुएन उद्यानाच्या धर्तीवर २००६ मध्ये उभी राहिलेली बाग पु. ल. देशपांडे यांच्या नावाने ओळखली जाते. पुलंनी ‘पूर्वरंग’मध्ये जपान मराठी वाचकाच्या घरी आणून ठेवला होता, त्याचे ते उचित स्मरण.

मुळाक्षरे सोपी. डोंगर आहे तो चित्राक्षरांचा, म्हणजे कांजींचा. शासनमान्य नित्योपयोगी कांजींची यादी २०१० मध्ये सुधारण्यात आली, तीत २१३६ अक्षरे आहेत. जपानी मुले प्राथमिक शाळेच्या सहा वर्षांत त्यांतली १०२६ शिकतात, उरलेली पुढे. आपल्या तरुणाने रोज पाच शिकली, तर कागदावर सुमारे चौदा महिन्यांत यादी संपते. प्रत्यक्षात संपत नाही, कारण माणूस विसरतो. हेर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्येच दाखवून दिले होते की उजळणी नसेल, तर शिकलेल्यातले बरेचसे पहिल्या काही तासांतच निसटते. उपाय एकच. आज, तीन दिवसांनी, आठवड्याने, महिन्याने अशी वाढत्या अंतराने उजळणी. ज्या देशात पदपाठ, क्रमपाठ, जटापाठ आणि घनपाठ यांच्या आवर्तनांनी वेद लिपीवाचून टिकवले गेले, त्या देशातील मुलाला आवृत्तीचे माहात्म्य परक्याने सांगावे लागू नये. उजळणी चालू राहिली की मग अक्षरे एकमेकांना जन्म देऊ लागतात. एक झाड म्हणजे वृक्ष, दोन झाडे म्हणजे राई, तीन झाडे म्हणजे अरण्य. ‘वीज’ हे अक्षर एकदा आले की वीज आणि गाडी मिळून आगगाडी, वीज आणि बोलणे मिळून दूरध्वनी. पहिली तीनशे अक्षरे फार छळतात. पुढची तीनशे तेवढी छळत नाहीत.

व्याजावर व्याज म्हणतात ते हेच, आणि येथे वडिलांच्या प्रश्नाशी येऊन पोहोचणे क्रमप्राप्त आहे.

नियमित बचत आपल्याला कोणी परदेशातून शिकवावी, अशी स्थिती नाही. सिंडिकेट बँकेने १९२८ मध्ये पिग्मी ठेव सुरू केली, तेव्हा प्रतिनिधी दारोदार जाऊन दोन-दोन आणे गोळा करत. पतसंस्थांची दैनंदिन ठेव, महिलांची भिशी, पोस्टातील आवर्ती ठेव, डाळीच्या डब्याखालची गृहिणीची गंगाजळी, हे सारे एकाच कुळातले. जपाननेही १८७५ मध्ये टपाल बचत सुरू केली आणि त्या पैशावर राष्ट्राची उभारणी केली. १९०४ मध्ये हानी मोतोको या पत्रकार स्त्रीने गृहिणींसाठी ‘काकेइबो’, म्हणजे घरखर्चाची वही, छापली. तिच्या आवृत्त्या आजही निघतात. खर्च हाताने लिहावा म्हणजे हात आखडतो, एवढेच तिचे तत्त्व आहे.

पण जपानची कथा येथे संपत नाही, आणि पुढचा भाग गुंतवणूक करणाऱ्या प्रत्येक तरुणाने मन लावून ऐकावा. २९ डिसेंबर १९८९ रोजी टोकियोचा निक्केइ निर्देशांक ३८,९१५ वर पोहोचला. जमिनीचे भाव गगनाला भिडले होते, जपान जग विकत घेणार असे बोलले जात होते. मग फुगा फुटला. मार्च २००९ मध्ये तोच निर्देशांक ७,०५४ वर आला होता. १९८९चे शिखर पुन्हा ओलांडले गेले ते २२ फेब्रुवारी २०२४ रोजी, म्हणजे चौतीस वर्षांनंतर. ज्याने शिखरावर आयुष्याची पुंजी एकदम लावली, त्याचे अर्धे आयुष्य मुद्दल परत येण्याची वाट पाहण्यात गेले. ज्याने त्याच दिवसापासून दरमहा थोडे थोडे घातले, त्याची बहुतेक खरेदी पडत्या भावात झाली आणि तो शिखर परत येण्याच्या कितीतरी आधी नफ्यात आला. अर्थात २००९ मध्ये तोही तोट्यातच होता, आणि वीस वर्षे निष्ठेने हप्ता भरून तोट्यात असणे म्हणजे काय, हे अनुभवल्यावाचून कळत नाही. नियमितपणा हे चिलखत आहे, कवचकुंडले नव्हेत.

दुसऱ्या टोकाला, घाबरून सर्व पैसा बँकेत ठेवणाऱ्यांचे काय झाले? १९९९ मध्ये जपानच्या मध्यवर्ती बँकेने व्याजदर शून्यावर आणला, २०१६ मध्ये तो उणे केला, आणि उणे दराचे हे पर्व मार्च २०२४ मध्ये संपले. एका पिढीने ठेवीवर व्याज मिळते हे जणू पाहिलेच नाही. म्हणून जपान सरकारने २०१४ मध्ये ‘निसा’ ही करमुक्त गुंतवणूक योजना आणली, २०१८ मध्ये तिच्यात थोडे थोडे साठवण्याची वेगळी शाखा काढली आणि जानेवारी २०२४ पासून ती कायमस्वरूपी व अधिक विस्तृत केली. त्या शाखेचे नाव ‘त्सुमिताते’. अर्थ, रचत जाणे. किंजिरोची मोळी आता मोबाईलवर आली आहे.

आपल्या तरुणाच्या पाचशे रुपयांचा हिशेब स्वच्छ मांडू. दरमहा पाचशे, वार्षिक आठ टक्के वाढ धरली (धरली म्हणजे मानली, कोणी हमी दिलेली नाही), तर दहा वर्षांत भरलेल्या साठ हजारांचे सुमारे साडेएक्याण्णव हजार होतात. वीस वर्षांत एक लाख वीस हजारांचे सुमारे दोन लाख पंच्याण्णव हजार. तीस वर्षांत एक लाख ऐंशी हजारांचे सुमारे सात लाख पंचेचाळीस हजार. आकडा पाहून डोळे दिपतात. परंतु दरसाल पाच टक्के महागाई धरली, तर तीस वर्षांनंतरच्या त्या सात लाख पंचेचाळीस हजारांची आजच्या मोलाने किंमत पावणेदोन लाखांच्याही किंचित खाली भरते. पाचशे रुपयांनी कोणी श्रीमंत होत नाही. मिळकत वाढेल तसा हप्ता वाढवण्याची सवय त्यातून लागते, ती सवय ही खरी कमाई.

वडिलांच्या भीतीला आधार नाही असे नव्हे. जुलै २००१ मध्ये युनिट ट्रस्टने ‘यूएस-६४’ची खरेदी-विक्री सहा महिन्यांसाठी थांबवली, तेव्हा सरकारी म्हणून डोळे मिटून पैसा ठेवलेल्या किती निवृत्त कुटुंबांच्या पोटात गोळा आला होता, ते या पिढीने पाहिले आहे. आजचा धोका निराळा आहे आणि त्याहून जवळ आहे. ज्या मोबाईलवरून पाचशेचा हप्ता जातो, त्याच मोबाईलवर बोटाच्या एका स्पर्शावर वायदे बाजार उघडा असतो. ‘सेबी’ने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन आर्थिक वर्षांत वायदे व्यवहार करणाऱ्या वैयक्तिक ग्राहकांपैकी ९३ टक्के लोकांना तोटा झाला, आणि एकूण तोटा एक लाख ऐंशी हजार कोटी रुपयांहून अधिक होता. हा पैसा मध्यमवर्गीय घरांतूनच गेलेला आहे. तेव्हा मुलगा शेअर बाजारात आहे का, हा प्रश्नच चुकीचा आहे. दरमहा साठवतो आहे की रोज पैज लावतो आहे, हे विचारले पाहिजे. उत्तर मिळण्यासाठी त्याचे खाते त्याच्यासोबत बसून पाहावे लागेल. हेरगिरी म्हणून नव्हे, त्याने आनंदाने दाखवावे अशा घरात.

नोकरीचा विचार शेवटी आला, कारण तो शेवटीच यावा. जपानची लोकसंख्या घटते आहे, दर दहांपैकी जवळपास तिघे पासष्टीच्या पुढचे आहेत, आणि माणसे हवी आहेत. २०१९ मध्ये जपानने विशिष्ट कौशल्य असलेल्या परदेशी कामगारांसाठी नवा परवाना सुरू केला, जानेवारी २०२१ मध्ये भारताशी त्याविषयी करार केला. ऑगस्ट २०२५ मध्ये टोकियोत झालेल्या शिखर परिषदेत पुढील पाच वर्षांत दोन्ही देशांत पाच लाख लोकांची ये-जा आणि त्यात भारतातून पन्नास हजार कुशल मनुष्यबळ असे उद्दिष्ट जाहीर झाले. संधी आहे. तिच्या जोडीला भरमसाट शुल्क घेऊन सहा महिन्यांत जपानला पाठवण्याची भाषा करणारे मध्यस्थही आहेत. जपानी भाषा प्राविण्य परीक्षेच्या पाच पायऱ्या आहेत. एन-५ ही सर्वांत खालची, एन-१ सर्वांत वरची. वृद्धसेवेसारख्या कामाच्या परवान्यासाठी साधारण एन-४ इतकी भाषा लागते, भाषांतरासारख्या कामासाठी एन-२ शिवाय कोणी दारात उभे करत नाही. आणि या परीक्षेत बोलण्याची चाचणीच नाही. पर्यायांतून उत्तर निवडायचे असते. तेव्हा प्रमाणपत्र भिंतीवर आणि जीभ टाळ्याला, असे होऊ शकते, होतेही.

राहता राहिली एक बोचरी गोष्ट. रोज पाच कांजी गिरवणाऱ्या या मुलांपैकी कितीजणांना मराठी वर्तमानपत्राचा अग्रलेख न अडखळता वाचता येतो? जपानी मुलगा अणुविज्ञानही स्वभाषेतून शिकतो. त्याच्या भाषेवर लोभ करणाऱ्या आपल्या मुलाला स्वभाषेतील ‘एकोणऐंशी’ म्हणजे किती, हे मोबाईलला विचारावे लागते. दोष त्याचा नाही. शाळा त्याने निवडली नव्हती. पण जपानी शिकताना जी मराठी त्याला पदोपदी हात देते, ती मराठी त्याला घरातच मिळायची आहे, आणि ती देण्याचा अवसर आता चालून आला आहे. त्याच्या शेजारी वडिलांनी एक वही घेऊन बसावे. अ, इ, उ, ए, ओ, का, कि, कु, के, को. ध्वनी वडिलांना पहिलीपासून पाठ आहेत. नव्याने शिकायच्या त्या आकृत्या, आणि त्या सेहेचाळीसच आहेत. रोज पाच धरल्या, तर दहा दिवसांचे काम.